इंग्रजी वाक्यात सब्जेक्ट नक्की कुठे बसतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर सगळ्यात जास्त आले ते सब्जेक्ट आणि प्रेडिकेटचे, म्हणजे शाळेत ज्याला आपण उद्देश्य आणि विधेय म्हणायचो त्याचे. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यावरच. उदाहरणं मुद्दाम आपल्या लिपीत लिहिलीयेत, ती मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नको, कारण हा विषय डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतो.

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझा मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. त्याला वर्गात शिकवलंय की जो क्रिया करतो तो सब्जेक्ट आणि बाकी सगळं प्रेडिकेट. परीक्षेत वाक्य आलं ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय अ बॉय’, त्याने ‘अ बॉय’खाली रेघ मारली आणि मार्क गेले. आता तो घरी येऊन भांडतोय की खिडकीने काय केलं, फोडली तर मुलाने ना? खरं सांगायचं तर मलाही त्याचंच पटतंय. काय सांगू त्याला?
— एक आई, सिंहगड रोड

उत्तर: ताई, आधी त्याला सांगा की तुझा प्रश्न चांगला आहे. त्याने शिकवलेला नियम प्रामाणिकपणे वापरला, नियमच अपुरा आहे. ‘जो करतो तो सब्जेक्ट’ हे ‘रवी ईट्स अ मँगो’ असल्या वाक्यांपुरतं चालतं. पण ‘पुणे इज हॉट इन एप्रिल’ यात पुणं काय करतंय? ‘माय आजी हॅज टू सिस्टर्स’ यात आजी काय करतेय? कोणी काही करत नाहीये आणि तरी दोन्ही वाक्यांना सब्जेक्ट आहे, पहिल्यात ‘पुणे’ आणि दुसऱ्यात ‘माय आजी’.

ही गडबड होते कुठून तर आपण लहानपणापासून ‘कर्ता’ शिकलेलो असतो तिथून. पाणिनीचं सूत्रच आहे ‘स्वतन्त्रः कर्ता’, म्हणजे क्रियेत जो स्वतंत्र आहे तो कर्ता, आणि तो वाक्यात कुठेही आणि कुठल्याही विभक्तीत असला तरी कर्ताच राहतो. कर्मणी प्रयोग केला तरी तो कर्ता. त्या हिशोबाने तुमच्या मुलाचं उत्तर बरोबरच आहे, खिडकी फोडण्याचा कर्ता मुलगाच. पण प्रश्न कर्त्याचा नव्हता, इंग्रजीतल्या सब्जेक्टचा होता, आणि इंग्रजीत सब्जेक्ट कामावरून ठरत नाही, जागेवरून ठरतो. ती क्रियापदाशेजारची एक खुर्ची आहे असं समजा. तिच्यावर कधी काम करणारा बसतो, कधी ज्याच्यावर काम झालं तो, कधी नुसतंच काहीतरी असणारा. आणि त्या खुर्चीवर जो बसलाय त्याचंच क्रियापद ऐकतं.

हे ‘ऐकतं’ म्हणजे काय ते त्याला करून दाखवा. वाक्यातली खिडकी एकाची अनेक करा: ‘द विंडोज वेअर ब्रोकन बाय अ बॉय’. ‘वॉज’चं ‘वेअर’ झालं. आता खिडकी एकच ठेवा आणि मुलं वाढवा: ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय टेन बॉइज’. दहा मुलं आली तरी ‘वॉज’ हललं नाही. म्हणजे क्रियापदाचा मालक कोण? खिडकी. तीच सब्जेक्ट.

मराठीत मात्र हा खेळ वेगळा चालतो आणि म्हणून आपल्या मुलांना जास्त जड जातं, ते बिचारे मंद नसतात. बघा ना, मुलाने दिवा फोडला, मुलाने खिडकी फोडली, मुलाने काचा फोडल्या. करणारा तोच, पण क्रियापद बदलतंय फुटलेल्या वस्तूप्रमाणे. किंवा मला चहा आवडतो, मला भजी आवडतात, इथे आवड माझी पण क्रियापद चहाभज्यांचं ऐकतं. हेच इंग्रजीत ‘आय लाइक टी’, ‘आय लाइक भजी’, तिथे ‘लाइक’ फक्त ‘आय’कडे बघतं, ताटात काय आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता दुसरी परीक्षा, आणि मला स्वतःला ही सगळ्यात भरवशाची वाटते. वाक्याचा हो-नाहीवाला प्रश्न करायचा. ‘वॉज द विंडो ब्रोकन बाय अ बॉय?’ यात ‘वॉज’ कोणावरून उडी मारून पुढे आला? ‘द विंडो’वरून. ज्याच्यावरून उडी मारली तेवढा भाग सब्जेक्ट, ना एक शब्द कमी ना जास्त. आणि वाक्यात ‘इज’, ‘वॉज’, ‘विल’, ‘कॅन’ असं काही नसेल तर ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आणायचा: ‘रवी ईट्स अ मँगो’चं ‘डझ रवी ईट अ मँगो?’, ‘डझ’ आणि ‘ईट’च्या मधे जो अडकला तो सब्जेक्ट. सहावीच्या मुलाला हे लगेच जमतं कारण प्रश्न करायला तो आधीच शिकलेला असतो, आपण फक्त त्याचं लक्ष त्या मधल्या शब्दांकडे वळवायचं.

प्रश्न: प्रेडिकेट म्हणजे व्हर्बच ना? क्लासमध्ये एक मुलगी म्हणते व्हर्ब, दुसरी म्हणते व्हर्बनंतरचं सगळं. कोण बरोबर?
— आठवीतली एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर: दोघींचं अर्धं अर्धं बरोबर. सब्जेक्ट काढून घेतल्यावर वाक्यात जे जे उरतं ते सगळं प्रेडिकेट, व्हर्बसकट. ‘द ओल्ड वडाचं झाड’ असं धेडगुजरी नको, पूर्ण इंग्रजीच घेऊ: ‘द ओल्ड बॅनियन ट्री निअर अवर स्कूल फेल लास्ट नाइट’. प्रश्न कर, ‘डिड द ओल्ड बॅनियन ट्री निअर अवर स्कूल फॉल लास्ट नाइट?’ मधे काय अडकलं, ‘द ओल्ड बॅनियन ट्री निअर अवर स्कूल’, हा झाला पूर्ण सब्जेक्ट. त्यातला मुख्य शब्द ‘ट्री’, त्याला पुस्तकात सिंपल सब्जेक्ट म्हणतात. उरलं ‘फेल लास्ट नाइट’, हे पूर्ण प्रेडिकेट, आणि त्यातलं ‘फेल’ हे सिंपल प्रेडिकेट. तुझी मैत्रीण व्हर्ब म्हणते तेव्हा ती सिंपल प्रेडिकेटबद्दल बोलत असते, प्रश्नात कोणतं मागितलंय ते नीट वाच.

अजून एक. प्रेडिकेट नेहमी सब्जेक्टच्या मागेच येतं असं धरून चालू नकोस. ‘लास्ट नाइट द ट्री फेल’ म्हटलं तर ‘लास्ट नाइट’ सगळ्यात पुढे आलं तरी ते प्रेडिकेटचंच, कारण झाड कधी पडलं ते सांगतंय. बऱ्याच मुली वाक्यातला पहिला शब्द दिसला की तिथेच रेघ मारतात, तसं करू नकोस, आधी व्हर्ब शोध, मग त्याला विचार ‘कोण पडलं?’ किंवा ‘काय पडलं?’

प्रश्न: मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, नवी पेठेत अभ्यासिका आहे. शिक्षण पूर्ण मराठी मीडियम. सब्जेक्ट व्हर्ब अ‍ॅग्रीमेंटचे सगळे नियम पाठ केलेत, वहीच्या वही भरलीये, तरी पेपरात चुका शोधायच्या प्रश्नात हमखास चुकतो. काहीतरी सोपी पद्धत सांगा.
— नवी पेठ

उत्तर: तुझी अडचण नियमांची नाहीये, नियम तुला येतायत. अडचण ही आहे की नियम लावायच्या आधी सब्जेक्ट कुठला ते शोधावं लागतं आणि पेपर काढणारा नेमका तोच लपवतो. लपवायची त्याची आवडती पद्धत म्हणजे सब्जेक्ट आणि व्हर्बच्या मधे दुसरं एखादं नाम आणून ठेवायचं, म्हणजे तुझा कान त्या जवळच्या नामाच्या मागे जातो.

‘द क्वालिटी ऑफ दीज मँगोज आर गुड’. वाचताना खटकत नाही कारण ‘मँगोज आर’ हे जोडीने कानाला गोड लागतं. पण ‘ऑफ’पासून ‘मँगोज’पर्यंतचा तुकडा पेन्सिलीने खोडून बघ, उरतं ‘द क्वालिटी आर गुड’, आता लगेच खटकलं. ‘इज’ पाहिजे. ‘ऑफ’, ‘इन’, ‘विथ’, ‘ऑन’, ‘निअर’ यांनी सुरू झालेल्या तुकड्यातलं नाम मुख्य सब्जेक्ट होत नाही, त्यामुळे असे तुकडे बिनधास्त खोडायचे. ‘द प्रिन्सिपल, अलाँग विथ द टीचर्स, इज कमिंग’, इथे पण स्वल्पविरामामधलं सगळं खोड, राहतात एकटे प्रिन्सिपल. हेच ‘द प्रिन्सिपल अँड द टीचर्स’ असतं तर ‘आर’ आलं असतं, कारण ‘अँड’ दोघांनाही सब्जेक्ट करतो, ‘अलाँग विथ’ करत नाही.

या खोडण्याला अपवाद आहेत आणि परीक्षेत तेच विचारतात. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज इन्क्रीजिंग’ पण ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर वेटिंग आउटसाइड’. पहिल्यात आपण संख्येबद्दल बोलतोय, ती एक संख्या वाढतेय. दुसऱ्यात संख्या बाहेर उभी नाहीये, विद्यार्थी उभे आहेत, ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे तिथे नुसतं ‘बरेच’. तसंच ‘मोस्ट ऑफ द वॉटर इज’ पण ‘मोस्ट ऑफ द बुक्स आर’, इथे ‘मोस्ट’, ‘सम’, ‘ऑल’, ‘हाफ’ असले शब्द असले की खोडायचं थांबव आणि ‘ऑफ’नंतरचं नाम बघ. ‘ईच’ आणि ‘एव्हरीवन’ला मात्र खोडायचा नियम लागतोच, ‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज अ सायकल’.

‘ऑर’चं वेगळंच आहे, तिथे व्हर्ब शेजाऱ्याचं ऐकतं: ‘आयदर द ड्रायव्हर ऑर द पॅसेंजर्स आर राँग’, उलटं केलं तर ‘आयदर द पॅसेंजर्स ऑर द ड्रायव्हर इज राँग’.

आता सगळ्यात अवघड. ‘वन ऑफ द बॉइज हू लिव्ह इन अवर वाडा इज अ सिंगर’. यात दोन व्हर्ब आहेत आणि दोघांचे सब्जेक्ट वेगवेगळे. ‘लिव्ह’चा सब्जेक्ट ‘हू’, आणि तो ‘हू’ उभा आहे ‘बॉइज’च्या बदली, वाड्यात राहणारी मुलं बरीच आहेत, म्हणून ‘लिव्ह’ला एस नाही. ‘इज’चा सब्जेक्ट ‘वन’, गाणारा त्यातला एकच. अशी वाक्यं आली की घाई करू नकोस, किती व्हर्ब आहेत ते मोज, आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा सब्जेक्ट शोधून दे. तुझी वही भरलीये ती फेकू नकोस पण आता रोज वर्तमानपत्रातला एक इंग्रजी परिच्छेद घे आणि प्रत्येक व्हर्बपासून त्याच्या सब्जेक्टपर्यंत बाण काढ. नियम पाठ करण्यापेक्षा या बाणांनी हात जास्त बसतो असं मी ठामपणे सांगेन.

प्रश्न: ‘क्लोज द डोअर’ यात सब्जेक्ट कुठे आहे? आणि ‘देअर इज अ टेम्पल ऑन पर्वती’ मधे ‘देअर’ सब्जेक्ट का ‘टेम्पल’? आमच्या स्टाफरूममध्ये यावर दोन गट पडलेत.
— एक शिक्षिका, हडपसर

उत्तर: पहिल्याचं सोपं आहे, सब्जेक्ट ‘यू’, लिहिलेला नाही पण आहे. मुलांना पुरावा द्यायचा असेल तर ‘बिहेव युअरसेल्फ’ म्हणून दाखवा, ‘बिहेव हिमसेल्फ’ होत नाही, म्हणजे ‘यू’ तिथे कुठेतरी हजर असल्याशिवाय ‘युअरसेल्फ’ येणार कुठून.

दुसऱ्यात मात्र दोन्ही गटांकडे मुद्दा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ‘टेम्पल’वाल्यांचा मुद्दा असा की अनेकवचन केलं तर ‘देअर आर टेम्पल्स’ होतं, म्हणजे व्हर्ब देवळाचं ऐकतंय. ‘देअर’वाल्यांचा मुद्दा असा की प्रश्न केला तर ‘इज देअर अ टेम्पल ऑन पर्वती?’ होतं, उडी ‘देअर’वरून मारली जाते, आणि वाक्याच्या शेवटी ‘आहे ना?’ असं जोडायचं तर ‘इझन्ट देअर?’ असंच लावतात, ‘इझन्ट इट?’ नाही. म्हणजे खुर्चीवर ‘देअर’ बसलाय पण क्रियापद ऐकतंय मागे उभ्या असलेल्या देवळाचं. हल्लीची मोठी व्याकरणं म्हणून ‘देअर’ला व्याकरणापुरता सब्जेक्ट म्हणतात आणि ‘अ टेम्पल’ला अर्थाने खरा सब्जेक्ट. शाळेच्या पेपरात मुलांनी ‘टेम्पल’ लिहावं, आपली शालेय पुस्तकं बहुतेक तेच धरतात, पण स्टाफरूममधल्या दुसऱ्या गटाला चूक ठरवू नका.

यातून मुलांना एक गोष्ट नक्की सांगता येते. इंग्रजीला सब्जेक्टची खुर्ची रिकामी ठेवलेली चालत नाही, साध्या विधानात तर नाहीच. आपण ‘आलो’, ‘जेवतेय’, ‘झोपला का?’ असं नुसत्या क्रियापदावर सगळं भागवतो कारण ‘जेवतेय’ या रूपातच एक जण जेवतोय, अनेक नाही, हे कळतं आणि बाकीचं समोरचा समजून घेतो. इंग्रजी क्रियापदात एवढं काही उरलेलं नाहीये, म्हणून ‘आय’, ‘ही’, ‘दे’ म्हणावंच लागतं, आणि कोणीच नसेल तर ‘इट’ आणून बसवतात, ‘इट इज रेनिंग’. हा ‘इट’ कशाच्या बदली आला असं मुलं विचारतात. कशाच्याच नाही. जागा भरायला आला. मराठी मीडियमची मुलं ‘इज रेनिंग’ लिहितात त्याचं कारण हेच, तेव्हा नुसतं लाल पेनाने गोल करून सोडू नका, कारण सांगा, पुन्हा सहसा चुकत नाहीत.

प्रश्न: आमच्या वेळी मॅट्रिकला वाक्यपृथक्करणाचे तक्ते काढावे लागत, उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार, सगळे रकाने. नातीच्या पुस्तकात तसलं काही दिसत नाही. मी तिला शिकवू लागलो तर सूनबाई म्हणते आता कोणी तसं शिकत नाही. जुनं म्हणून सोडून द्यावं काय?
— एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर: आजोबा, अजिबात सोडू नका. तक्ते आता परीक्षेत नसतील पण त्यामागचा विचार जुना झालेला नाही. आणि पुण्याचं या विषयाशी नातं पण जुनं आहे, गोपाळ गणेश आगरकरांनी मराठी वाक्यांच्या पृथक्करणावर पुस्तक लिहिलं ते १८८८ साली. समाजसुधारणेचे लेख लिहिणारा माणूस वाक्याचे भाग पाडत बसला याचं मला फार अप्रूप वाटतं, पण विचार स्पष्ट मांडायचे तर वाक्य कसं उभं राहतं ते माहीत पाहिजे हे त्यांच्यासारख्या शिक्षकाला कळत असणारच.

अमेरिकेत साधारण त्याच काळात, १८७७ साली, रीड आणि केलॉग या ब्रुकलिनच्या दोन शिक्षकांनी तक्त्याऐवजी चित्र काढायची पद्धत आणली. ती नातीला तुमच्या रकान्यांपेक्षा जास्त आवडेल असं वाटतं. एक आडवी रेघ मारायची. तिला मधोमध कापत एक उभी रेघ, आडव्या रेघेच्या खालपर्यंत जाणारी. उभ्या रेघेच्या डावीकडे मुख्य सब्जेक्ट, उजवीकडे व्हर्ब. व्हर्बच्या पुढे ऑब्जेक्ट असेल तर मधे अजून एक उभी रेघ, पण ती आडव्या रेघेवरच थांबते, खाली जात नाही. बाकीचे ‘द’, ‘ओल्ड’, ‘क्विकली’ असले शब्द ज्याचे आहेत त्याच्याखाली तिरप्या रेघांवर. म्हणजे वाक्यात आरपार जाणारी रेघ एकच, सब्जेक्ट आणि प्रेडिकेटच्या मधली.

अमेरिकेचे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी १९५७ साली वाक्यरचनेचे नियम मांडले त्यातला पहिला नियम सुद्धा हाच होता, वाक्य म्हणजे एक नामाचा गट आणि एक क्रियापदाचा गट. तेव्हा सूनबाईंना सांगा की हे जुनं नाही. फक्त एक करा आजोबा, रकान्यांची नावं आधी पाठ करून घेऊ नका. आधी तिच्या आवडीचं एखादं वाक्य घ्या, तिला दोन तुकड्यात तोडायला सांगा, कोणाबद्दल बोलतोय आणि त्याच्याबद्दल काय बोलतोय. नावं तिची ती विचारेल.

प्रश्न: मी हिंजवडीत कस्टमर सपोर्टला आहे. कॉलवर प्रश्न विचारताना ‘डिड’ कधी लावायचा आणि कधी नाही ते अजून कळलेलं नाही. मी ‘हू डिड कॉल यू?’ म्हणाले तर टीम लीड म्हणाली ‘हू कॉल्ड यू?’ म्हण. मग ‘व्हॉट डिड यू से?’ मधे ‘डिड’ कसा चालतो? याचा सब्जेक्टशी काही संबंध आहे का?
— वाकड

उत्तर: पूर्ण संबंध आहे, आणि तुम्ही तो स्वतःच ओळखलात ते बरं झालं. प्रश्नाचा शब्द, म्हणजे ‘हू’, ‘व्हॉट’, ‘विच’, हा स्वतःच सब्जेक्ट असेल तर ‘डिड’ लागत नाही. तो सब्जेक्ट नसेल तर लागतो.

कसं ओळखायचं तर उत्तर मनात आणा. ‘हू कॉल्ड यू?’ याचं उत्तर ‘द बँक कॉल्ड मी’. ‘हू’च्या जागी बँक आली, बँक सब्जेक्ट, म्हणजे ‘हू’ पण सब्जेक्ट, तो आधीच व्हर्बच्या पुढे बसलाय, उडी मारायची कोणावरून? म्हणून ‘डिड’ नाही. आता ‘हू डिड यू कॉल?’ याचं उत्तर ‘आय कॉल्ड द बँक’. इथे सब्जेक्ट ‘आय’, प्रश्नात तोच ‘यू’ म्हणून आहे, बँक फक्त ऑब्जेक्ट. ‘डिड’ त्या ‘यू’वरून उडी मारून पुढे आला. कस्टमरशी बोलताना हे दोन प्रश्न उलटे झाले तर मोठा घोळ होईल, एकात फोन त्याला आला होता आणि दुसऱ्यात त्याने केला होता.

‘व्हॉट डिड यू से?’ मधे बोलणारे ‘यू’, म्हणून ‘डिड’. ‘व्हॉट हॅपन्ड?’ मधे घडलेली गोष्टच सब्जेक्ट, म्हणून ‘व्हॉट डिड हॅपन?’ नको. ‘विच एजंट हेल्प्ड यू?’ बरोबर, ‘विच प्लॅन डिड यू चूज?’ हेही बरोबर. ‘हू डिड कॉल यू?’ तसं पूर्ण चूक नाही, पण ते जोर देऊन विचारल्यासारखं होतं, बँकेने नाही केला मग केला तरी कोणी, अशा सुरात, आणि कस्टमरला ते उलटतपासणीसारखं लागेल. टीम लीडने अडवलं ते योग्यच.

एक अपवाद लक्षात ठेवा. ‘नॉट’ आला की सब्जेक्ट कोणीही असो, ‘डिड’ येणारच: ‘हू डिडन्ट गेट द ओटीपी?’ इथे ‘हू’ सब्जेक्टच आहे, पण ‘नॉट’ला टेकायला ‘डिड’ लागतो.